ब्रेक्झिट, बार्शी आणि आबिड्सचं शटर

२०१९च्या मार्चमधली गोष्ट. आमच्या टीमकडे एकाच सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या तयार होत्या. ग्राहक इंग्लंडमधला एक घाऊक व्यापारी. युरोपातून ट्रकने माल यायचा, गोदामात उतरायचा, तिथून दुकानांत जायचा. त्याचा हिशोब ठेवणारं आमचं सॉफ्टवेअर. पहिल्या आवृत्तीत काहीच बदललेलं नव्हतं, माल कालच्यासारखाच आजही येत होता. दुसऱ्या आवृत्तीत ब्रिटन कुठलाही करार न करता युरोपीय संघातून बाहेर पडलं होतं. त्यामुळे प्रत्येक ट्रकमागे कस्टम्सचा फॉर्म आणि प्रत्येक वस्तूला शुल्काचा कोड लागणार होता. २९ मार्चच्या रात्री अकरा वाजता, म्हणजे आपल्याकडे ३० तारखेच्या पहाटे साडेचारला, यातली कुठली आवृत्ती सुरू करायची ते ब्रिटिश संसद ठरवणार होती. आणि संसदेचं काही ठरत नव्हतं.

रोज दुपारी लंडनच्या टीमबरोबर कॉल असायचा. आम्ही विचारायचो, "काल काय ठरलं?" तिकडून थकलेलं हसू यायचं. त्यांच्यातला एक जण बाहेर पडायच्या बाजूचा होता, एक जण राहायच्या बाजूचा. सुरुवातीला दोघांत चिमटे चालायचे. मार्चपर्यंत दोघंही एकच वाक्य बोलायला लागले होते : "काय ते एकदा सांगून टाका, म्हणजे कामाला लागू."

त्या दिवसांत मी रात्री घरी आलो की जेवताना बाबा विचारायचे, "अरे, एवढी शिकलेली माणसं, एवढी जुनी पार्लमेंट. तीन वर्षं होत आली. ठरत का नाही?"

बाबांचं आबिड्सच्या एका गल्लीत वह्या, रजिस्टरं आणि हिशोबाच्या चोपड्यांचं दुकान आहे. त्यांना समजेल असं सांगायचं म्हणून मी आधी आकडे सांगितले. २३ जून २०१६ला सार्वमत झालं. बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१. इंग्लंड आणि वेल्स बाहेर पडण्याच्या बाजूने, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड राहण्याच्या. मग २९ मार्च २०१७ला सरकारने रीतसर नोटीस दिली आणि दोन वर्षांचं घड्याळ सुरू झालं. पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपशी करार करून आणला, तर संसदेने तो १५ जानेवारी २०१९ला ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. १२ मार्चला पुन्हा फेटाळला. तिसऱ्यांदा फेटाळला तो २९ मार्चला, म्हणजे बाहेर पडायचा जो मूळ दिवस होता त्याच दिवशी.

"मग यांना हवंय तरी काय?" बाबा म्हणाले.

तेही खासदारांना विचारून झालं होतं. २७ मार्चला आठ पर्याय मतदानाला ठेवले. आठही पडले. १ एप्रिलला त्यातले निवडक चार ठेवले. तेही चारही पडले. युरोपशी कस्टम्सची एकी ठेवून बाहेर पडावं, हा पर्याय तर फक्त तीन मतांनी गेला : २७३ विरुद्ध २७६. कोणाला मे बाईंचा करार हवा होता, कोणाला करारच नको होता, कोणाला पुन्हा सार्वमत हवं होतं. दुसऱ्याला अडवायला पुरतील एवढी मतं प्रत्येकाकडे होती. स्वतःचा पर्याय पुढे न्यायला पुरतील एवढी कोणाकडेच नव्हती.

लोकांना विचारलं होतं, "राहायचं की जायचं?" "जायचं" म्हणजे नक्की कुठे जायचं, काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे विचारलंच नव्हतं. त्यामुळे जायचं म्हणणाऱ्या ५१.९ टक्क्यांच्या मनात जाण्याचे चार-पाच वेगवेगळे अर्थ होते.

आजीचा करोडगिरी नाका

सगळ्यात अवघड होता तो आयर्लंडच्या सरहद्दीचा प्रश्न. आयर्लंड बेटाचा दक्षिण भाग स्वतंत्र देश, तो युरोपीय संघात राहणार. उत्तर भाग ब्रिटनचा, तो बाहेर पडणार. मधली हद्द साधारण ५०० किलोमीटर, आणि ती ओलांडणारे दोनशेहून अधिक रस्ते. कित्येक वर्षांच्या रक्तपातानंतर १९९८मध्ये तिथे शांतता करार झाला आणि पुढे हद्दीवरच्या सैनिकी चौक्या गेल्या. आता दोन्हीकडे करांचे नियम वेगळे झाले, तर माल तपासायला नाके उभे करावे लागणार. नाके नकोत म्हटलं, तर उत्तर आयर्लंडला युरोपचेच नियम पाळावे लागणार, मग उरलेल्या ब्रिटनपासून ते वेगळं पडणार. मे यांचा करार अडला तो मुख्यतः इथे.

हे मी बाबांना सांगत होतो. पलीकडे आजी भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे करोडगिरी."

आजीचं माहेर बार्शी आणि सासर लातूर. आज दोन्ही महाराष्ट्रात आहेत. पण तिच्या लग्नाच्या वेळी बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात होती आणि लातूर निजामाच्या राज्यात. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी दोन्ही गावं जोडायची, पण मधे हद्द होती. निजामाच्या राज्याचं स्वतःचं पोस्ट, स्वतःचा रुपया आणि स्वतःचं कस्टम्स खातं होतं. त्या खात्याचं नाव करोडगिरी. बाहेरून येणाऱ्या मालावर साधारण शेकडा पाच कर लागायचा. इकडचा रुपया हाली, तिकडचा कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे.

"दिवाळसणाहून परत निघाले की आई नवी लुगडी एकदा नेसायला लावायची," आजी सांगत होती. "घडी मोडलेली दिसली की नाक्यावरचा शिपाई सोडून द्यायचा. कोरं लुगडं दिसलं की पैसे. एकदा डब्यातल्या करंज्याही उघडून बघितल्या मेल्याने!"

आम्ही हसलो. आजी हसली नाही. "हसू नका," म्हणाली, "पुढे त्या नाक्यांवर माणसं मेली."

तेही खरं. १५ ऑगस्ट १९४७नंतर हैदराबाद संस्थान भारतात यायचं की वेगळं राहायचं, यावर घोडं अडलं. २९ नोव्हेंबर १९४७ला एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. म्हणजे काय तर निर्णय पुढे ढकलला. त्या काळात वाटाघाटी चालू होत्या, रझाकारांचे अत्याचार चालू होते, आणि माल बाहेरून येईनासा झाल्यामुळे टंचाईही होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीबाहेर छावण्या टाकल्या होत्या आणि त्यांचे हल्ले व्हायचे त्यांत करोडगिरी नाकेही असायचे. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा आत आल्या आणि १७ तारखेला प्रश्न संपला. त्या वर्षभरात आजी एकदाही माहेरी जाऊ शकली नाही. गाव साधारण साठ मैलांवर होतं.

आयर्लंडच्या हद्दीवर राहणाऱ्यांना नाक्याची एवढी धास्ती का वाटते, हे मला कुठल्याही लेखापेक्षा आजीच्या त्या लुगड्यावरून जास्त कळलं.

हे तर आपल्याकडचंच

बाबांना मात्र दुसरंच आठवलं. "हे तर आपल्याकडचंच रे," ते म्हणाले. "दोन हजार नऊ ते चौदा."

हैदराबादच्या वाचकांना वेगळं सांगायला नको, पण आपलं मासिक बाहेरगावीही वाचलं जातं म्हणून थोडक्यात सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ला जुन्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूरमध्ये आणि तेलंगणा आंध्राशी जोडून आंध्र प्रदेश झाला. आमचे लातूरचे काका एका सकाळी मुंबई राज्याचे झाले आणि आबिड्समधले आजोबा आंध्र प्रदेशाचे. कोणी जागचं हललं नव्हतं, हद्द हलली होती. तेलंगणाच्या नोकऱ्या, पाणी आणि पैसा यांची हमी देणारा 'सभ्य गृहस्थांचा करार' त्याच वर्षी २० फेब्रुवारीला झाला होता. तो पाळला गेला नाही, ही तेलंगणाची तक्रार. त्यातून १९६९चं आंदोलन झालं, गोळीबार झाले, तरुण पोरं गेली. त्यांचं स्मारक विधानसभेसमोरच्या गन पार्कमध्ये आहे. मग २००१पासून पुन्हा मागणीने जोर धरला.

मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा २९ नोव्हेंबर २००९ला के. चंद्रशेखर राव उपोषणाला बसले. ९ डिसेंबरला रात्री उशिरा गृहमंत्री चिदंबरम यांनी तेलंगणाची प्रक्रिया सुरू करत असल्याचं जाहीर केलं. आमच्या बाकावर आम्ही तिघे बसायचो : एक करीमनगरचा, एक गुंटूरचा आणि मधे मी. १० तारखेला करीमनगरवाल्याने वर्गात पेढे वाटले. गुंटूरवाल्याने पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला. मग तिकडे आंदोलन पेटलं, राजीनाम्यांची रांग लागली आणि २३ डिसेंबरला केंद्राने सांगितलं की आधी सर्वांशी चर्चा होईल. आता गुंटूरवाला हसत होता आणि करीमनगरवाला वर्गातच येत नव्हता. पुढे कितीतरी महिने दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायचे. "त्याला सांग, जर्नल दे म्हणून."

मग समिती आली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण, तेच ज्यांनी मुंबईच्या दंगलींची चौकशी केली होती. त्यांच्या समितीने ३० डिसेंबर २०१०ला अहवाल दिला आणि त्यात सहा पर्याय होते. राज्य एकत्र ठेवा, हैदराबाद केंद्रशासित करा, रायलसीमा तेलंगणाला जोडा, असे एकेक. सहा वाचून लोक आणखी चिडले. ब्रिटिश संसदेचे ते आठ पर्याय ऐकताना बाबांना हे सहा आठवले होते.

दोन्हीकडे जाणाऱ्यांपेक्षा अडचण मधल्या सामायिक वस्तूची होती. तिकडे आयर्लंडची हद्द, इकडे आमचं हैदराबाद. पन्नास वर्षं दोन्ही भागांतल्या माणसांनी इथे पैसा आणि आयुष्य ओतलं होतं. ते कोणाचं?

शटर

आबिड्स रविवारी बंद असतं. बंद शटरांपुढे फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडलेली असतात. माझी अर्धी इंजिनीअरिंग त्या फुटपाथवरच्या पुस्तकांवर झाली. रविवारचं बंद शटर बघायला बरं वाटतं, कारण सोमवारी ते उघडणार हे माहीत असतं.

त्या वर्षांतलं शटर वेगळं होतं. सकाळी बाबा दुकानात जायचे, शटर गुडघ्यापर्यंत वर करायचे आणि आत स्टूल टाकून बसायचे. बंद आहे की नाही ते नक्की नसायचं. मोर्चा आला की शटर खाली. गेला की पुन्हा अर्धं वर. जून-जुलैत वह्यांचा हंगाम. त्याच्या जोरावर वर्ष निघतं. माल उधारीवर उचललेला, देणेकऱ्याचा रोज फोन. शाळा कधी उघडतील ते कोणी सांगू शकत नाही.

१३ सप्टेंबर २०११ला सकल जनुल सम्मे सुरू झाला, सर्व जनांचा संप. ४२ दिवस चालला. सरकारी कर्मचारी, शिक्षक, बसगाड्या, सिंगरेणीच्या कोळसा खाणी, सगळं थांबलं. कोळसा नाही म्हणून विजेची कपात. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. बस नाही म्हणून त्याच गुंटूरच्या मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून हायटेक सिटीला जायचो. वाटेत एका घोळक्याने थांबवून विचारलं, "मी एक्कडा?" तुम्ही कुठले? तो गप्प. मीच मागून म्हणालो, "हैदराबाद." सोडून दिलं. पुढचे दहा मिनिटं तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझा जन्म निलोफर हॉस्पिटलमधला आहे रे. मी पण तेच म्हणू शकलो असतो. आवाजच फुटला नाही."

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बाबांनी ट्रंकेतून आजोबांचा एक जुना कागद काढला. निजामाच्या काळातलं मुल्की प्रमाणपत्र, म्हणजे हा माणूस या मुलखाचा आहे याचा दाखला. आजोबा लातूरचे, म्हणून मुल्की. "जपून ठेव," बाबा म्हणाले. तेव्हा मला ते हास्यास्पद वाटलं. नंतर नाही.

बाबा तेलंगणाच्या बाजूचे की विरोधात, हे मला आजही नीट माहीत नाही. तेलंगणाची तक्रार त्यांना खरी वाटायची. गुंटूर-विजयवाड्याची गिऱ्हाइकंही त्यांचीच होती. पण २०१३ उजाडेपर्यंत त्यांचंही वाक्य तेच झालं होतं जे पुढे लंडनच्या कॉलवर मी ऐकलं : काय ते एकदा सांगून टाका.

तारीख

आपल्याकडची कोंडी फुटली ती संसदेत. राज्याच्या विधानसभेने ३० जानेवारी २०१४ला विधेयक फेटाळलं होतं. पण घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार राज्याचं मत फक्त ऐकायचं असतं, त्यावर अडायचं नसतं. १३ फेब्रुवारीला लोकसभेत मिरपुडीचा फवारा उडाला. १८ तारखेला थेट प्रक्षेपण बंद असताना विधेयक मंजूर झालं. ते ज्या पद्धतीने झालं त्याचा सल आंध्रात अजून आहे. २ जून २०१४ला तेलंगणा जन्माला आला. हैदराबाद दहा वर्षं दोघांची राजधानी राहणार, देण्याघेण्याची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात, ५८.३२ आणि ४१.६८. सगळे वाद मिटले नाहीत. कृष्णेच्या पाण्याचा आणि कित्येक सरकारी संस्थांच्या वाटणीचा घोळ पुढे वर्षानुवर्षं चालला. पण बाबांनी २ जूननंतर शटर पूर्ण वर केलं. नवी तारीख मिळाली होती, तिच्याप्रमाणे माल भरता येत होता.

ब्रिटनमध्ये हा रस्ता नव्हता. सार्वमत लोकांचं, पण कायदा संसदेचा, आणि संसदेला वळसा घालायचा प्रयत्न न्यायालयात टिकला नाही. नवे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी संसद तहकूब केली, तर २४ सप्टेंबर २०१९ला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराच्या अकरा न्यायाधीशांनी ती तहकुबी बेकायदा ठरवली. बाहेर पडायची तारीख २९ मार्चवरून १२ एप्रिल, तिथून ३१ ऑक्टोबर, तिथून ३१ जानेवारी २०२० अशी सरकत गेली. सरकारने ५० पेन्सची स्मरणनाणी पाडून घेतली होती, त्यांवर ३१ ऑक्टोबरची तारीख. ती सुमारे दहा लाख नाणी वितळवावी लागली. आमच्या टीमचं नशीब बरं. आमच्या सीनियरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तारीख कोडमध्ये लिहू नका, सेटिंगमध्ये ठेवा. बदलणार आहे."

माझी मावसबहीण लंडनमध्ये राहते. ताईचा पासपोर्ट भारतीय, पण राष्ट्रकुलातल्या देशाची नागरिक म्हणून तिला सार्वमतात मत होतं. शेजारची पोलिश बाई कितीतरी वर्षं तिथे राहत होती, तिची मुलं तिथेच जन्मली, तिला मत नव्हतं. ताई म्हणाली, "मत देऊन आले तेव्हा ती जिन्यात भेटली. काय बोलावं मला सुचेना." पुढे साडेतीन वर्षं त्या बाईने घर विकत घ्यायचं पुढे ढकललं. ती ना रागावलेली होती ना घाबरलेली. नुसती थांबली होती.

डिसेंबर २०१९च्या निवडणुकीत जॉन्सन यांची मुख्य घोषणाच होती की ब्रेक्झिट उरकून टाकू, आणि त्यांना भक्कम बहुमत मिळालं. त्यांना मत देणारे सगळेच काही बाहेर पडायच्या बाजूचे नव्हते. आमच्या कॉलवरचा राहायच्या बाजूचा माणूसही शेवटी म्हणाला, "मला आता निकाल आवडायला नको, फक्त निकाल पाहिजे." लोकांना एवढं थकवलं की ते कुठल्याही उत्तराला हो म्हणतात, ही मला या सगळ्यातली सगळ्यात काळजीची गोष्ट वाटते. कारण थकून दिलेल्या होकाराची किंमत नंतर कळते. आयर्लंडच्या जमिनीवरचा नाका टळला, पण मालाची तपासणी ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडच्या मधल्या समुद्रावर गेली आणि त्यावरून पुढे पुन्हा वाटाघाटी कराव्या लागल्या.

भारताने त्याच सुमारास, ४ नोव्हेंबर २०१९ला, आशियातल्या आरसेप या मोठ्या व्यापारी करारात न शिरण्याचा निर्णय जाहीर केला. तो बरोबर की चूक यावर वाद घालता येईल. पण आत जाण्याआधी थांबणं आणि त्रेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांच्या संसारातून उठणं यात फरक आहे, एवढं मला आमच्या त्या दोन आवृत्त्यांनी शिकवलं. आत जाताना एक दार असतं. बाहेर पडायची वेळ येते तोवर घरभर वायरिंग झालेलं असतं.

२ जून २०२४ला हैदराबादची दहा वर्षांची सामायिक राजधानी संपली. योगायोगाने तो रविवार होता. मी मुलीला घेऊन आबिड्सला पुस्तकं बघायला गेलो होतो. शटरं बंद, पुढे पुस्तकांचे ढीग. तारखेचा विषय कोणी काढला नाही. गुंटूरचा मित्र आता विजयवाड्याला असतो. त्याला सहज फोन लावला आणि म्हटलं, "आजपासून तू माझ्या राजधानीत पाहुणा."

तो म्हणाला, "येतो. पण बिर्याणी तुझ्याकडून." आणि मग थोडं थांबून, "करीमनगरवाल्यालाही बोलाव. या वेळी मी थेट बोलेन."